अर्धा इंच बाकी

९ नोव्हेंबर, रविवार
हैदराबादहून घरी पोचलो. ड्रायव्हरनं गाडी हळू आणली, तरी कुंभार पिंपळगावच्या अलीकडच्या खड्ड्याला योगेश ओरडलाच. चौघांनी उचलून बाजेवर ठेवला. दोन्ही पायांना गुडघ्याखाली लोखंडी रिंगा, सळया हाडातून आरपार. दवाखान्यात रोज बघत होतो, तिथं काही वाटलं नाही. घरात, त्याच्या आजोबाच्या बाजेवर बघितलं आणि सामान उतरवायच्या निमित्तानं बाहेर आलो.

शेजारची गयाबाई लगेच हजर. "काय झालं वो लेकराला?" आता गंमत अशी, की येताना सगळा रस्ता आम्ही नवरा-बायको पथ्यपाण्याचं बोलत आलो, पण लोकांना काय सांगायचं ते ठरवायचं राहिलंच. मी आ वासून उभा. सौ. मात्र डोळ्याची पापणी न हलवता म्हणाली, "वाटूर फाट्याला मेंढरं आडवी आली. गाडीवरनं पडला दिवाळीनंतर."

नंतर विचारलं, मेंढरंच कशी सुचली तुला? म्हणे, "येताना दिसले की रस्त्यात. दुसरं काय म्हनू? धडधाकट पाय हौसेनं तोडून घेतले म्हनू?"

१० नोव्हेंबर, सोमवार
योगेश, योगेश लिहून हात दुखतो. इथून पुढं यो.

पाना फिरवायचं काम माझ्याकडं. दवाखान्यातल्या सिस्टरनं शिकवलंय. रिंगांच्या मधे दांड्या आहेत, त्यांना नट आहेत, नटावर ठिपके. एका ठिपक्यावरून पुढच्या ठिपक्यावर. दिवसातून चारदा. तेवढ्यानं दिवसाला एक मिलिमीटर हाड सरकतं आणि मधल्या फटीत नवं हाड भरतं, असं डॉक्टर म्हणाले. यो. स्वतः करू शकतो, पण नटाला हात लावला की त्याला घेरी येते. सौ. तर त्या वेळेला गोठ्यातच जाते.

ट्रॅक्टरचे, मोटारीचे किती नट पिळले आजवर. आज पाना नटाला लावला आणि तसाच धरून बसलो. यो. म्हणाला, "आण्णा, फिरवा बिनधास्त. नटच हाये." नट आहे खरं. पण दुसऱ्या टोकाला तो आहे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
भेटायला येणारांची रीघ. बिस्किटाचे पुडे कपाटात मावेनात. प्रत्येकाकडं एक हाडवैद्य आहे, आणि प्रत्येकाचा हाडवैद्य मोठ्या डॉक्टरला भारी आहे. एकजण तर रिंगांकडं निरखून बघत म्हणाला, "आण्णा, लोखंड कमी लावलं असतं तर चाललं असतं."

यो. वरून इस्त्रीचा शर्ट, खाली लुंगी घालून बाजेवर बसून पुण्याच्या कंपनीचं काम करतो. कॅमेऱ्यात साहेब दिसतो. कॅमेऱ्याखाली सौ. कापसाच्या बोळ्यानं सळयांच्या भोवतीची जागा पुसत असते. दात आवळून इंग्रजी बोलतो बिचारा. ऐकून हसूही येतं आणि रडूही.

प्लास्टिकची कमोडची खुर्ची आणली. ती आणताना गावातून उघडी आणावी लागली. असो.

१९ नोव्हेंबर, बुधवार
आज भलतंच झालं.

लिंबाजी धनगर आला. दरसाल कापूस निघाला की त्याचा कळप आपल्या रानात बसतो. मेंढरांचं खत आपल्याला, जवारी त्याला. त्याच्या बापापासून चालत आलेलं. तो यायचा तर अजून महिना होता. खांद्यावर कोकरू घेऊन दारात उभा. आत येईना. मी म्हणालो, ये की. तर खाली मान घालून म्हणतो, "कोणत्या तोंडानं येऊ आण्णा. दिवाळी झाल्यावर मी वाटूरलाच हुतो. म्होरक्या मेंढा पुढं निघून जातो माझा, मी असतो मागं. एकदा गाडीचा आवाज आल्ता जोरात. म्या ध्यान दिलं न्हाई."

कोकरू अंगणात खुंटीला बांधलं. पोराला पायाचा रस्सा करून घाला म्हणे, हाडाला बराबर असतो. शेळीच्या दुधाचा तांब्याही आणलेला.

सौ. माझ्याकडं बघेना, मी तिच्याकडं बघेना. यो. आतून सगळं ऐकत होता. लिंबाजी त्याच्या उशाशी जाऊन बसला, डोक्यावरून हात फिरवला आणि पांघरूण नीट केलं.

तो गेल्यावर मी सौ.ला म्हणालो, आता? ती म्हणाली, "मला काय माहीत, दुनियेत मेंढरं काय येकट्या लिंबाजीचीच हायेत का?"

२७ नोव्हेंबर, गुरुवार
दुधाचा तांब्या दर दोन-चार दिवसाला येतोच आहे. कोकरू कापायचं नाव कोणी काढत नाही. यो. बाजेवरून त्याला बिस्किटं चारतो. पुडे कमी होतायत, तेवढंच एक चांगलं.

आज एकटाच बांधावर बसलो होतो तेव्हा ते पाहुण्यांचं घर आठवलं. गेल्या उन्हाळ्यात यो.साठी मुलगी बघायला गेलो होतो. पोहे झाले, चहा झाला. मुलीची आत्या उठली, म्हणाली दोघांना शेजारी उभं राहू द्या. दाराच्या चौकटीपाशी उभं केलं, बैलजोडी बघतात तसं. यो. पाच फूट अडीच इंच. मुलगी दिसायला बरोबरीची, केसाच्या अंबाड्यामुळं बोटभर उंच. आत्यानं आधी त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं आणि हसत म्हणाली, "बापावर गेलंय पोरगं."

सगळे हसले. मीपण हसलो. मी पाच फूट एक. मला आयुष्यभर कोणी काही म्हणालं तरी मी हसतोच, ती माझी सवय आहे. यो. हसला नव्हता. परत येताना गाडीत एक शब्द बोलला नाही. मला वाटलं, मुलगी आवडली होती म्हणून असेल.

मोबाईलवर लग्नाच्या याद्यांत म्हणे पाच फूट पाचच्या खालची पोरं दिसतच नाहीत, आधीच गाळली जातात. म्हणून अडीच इंच वाढवायचे. दवाखाना त्यानं परस्पर ठरवला, पैसेही साठवलेले त्याचे. मला सांगितलं जायच्या आठवडाभर आधी. मी म्हणालो, तुझं आयुष्य, तुझे पाय. मोठ्या मनाचा बाप असल्यासारखं म्हणालो. पण मनात आलंच, की पोरानं माझ्याकडून आलेली तेवढी एक गोष्ट लोखंड लावून काढून टाकायला घेतली.

सौ.ला हे बोललो. ती माझ्याहून दोन बोटं उंच. म्हणाली, "अंतरपाट धरला तवा तुमचं नुसतं बाशिंग दिसत व्हतं मला. म्या काय पळून गेले का?"

या बाईचं एक आहे, समजूत घालायला बसली की माणूस हसल्याशिवाय उठत नाही.

४ डिसेंबर, गुरुवार
यो.ला ताप. डाव्या पायाच्या एका सळईपाशी लाल झालंय, पाणी येतंय. डॉक्टरांना फोटो पाठवले. गोळ्या बदलल्या, म्हणाले घाबरू नका, असं होतं.

दुपारच्या पान्याची वेळ झाली तर पाना सौ.च्या पदरात. देईना. "आज न्हाई फिरवायचा. तापलंय लेकरू." मी म्हणालो डॉक्टरांनी चालू ठेवा म्हटलंय. तर माझ्यावरच घसरली. "तुमी मोसंबीला ताण देता तसं त्याला द्यायला लागले का? पोरगं काय झाड हाये?"

मोसंबीचं पाणी तोडलंय हल्लीच, आंब्या बहाराची फुलं यावीत म्हणून. त्याचं मला कळतं. पानं कोमेजली, गळायला लागली, की पुरे झालं, पाणी सोडायचं. पोराचं कळत नाही हे मी कबूल केलं. तेव्हा पाना दिला तिनं. आणि आज गोठ्यात गेली नाही, त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली.

१० डिसेंबर, बुधवार
ताप उतरला. मालिशवाला पोरगा जालन्याहून येतो तो व्यायाम करून घेतो. टॉवेल चवड्याला अडकवून स्वतःकडं ओढायचा. पोटऱ्या दगडासारख्या झाल्यात. हाड वाढतंय, मांस मागं राहतंय, असं तो म्हणतो. यो. रात्रंदिवस टॉवेल ओढतो. ओढताना कन्नड गाणी म्हटल्यासारखा काहीबाही पुटपुटतो, मला एक शब्द कळत नाही. शिव्या असाव्यात.

वॉकर धरून उभा केला. टाचा टेकत नव्हत्या. मालिशवाला म्हणाला, येतील खाली.

१३ डिसेंबर, शनिवार
लिंबाजीचा कळप रानात बसला. सकाळी जवारीचं पोतं काढून ठेवलं तर शिवेना. "औंदा न्हाई घेनार आण्णा." किती म्हणालो. नाहीच.

मग चहा पिताना म्हणाला, सोमवारी म्होरक्या विकायला काढतो. तो पाठीवर काळा पट्टा असलेला मेंढा, ज्याच्यामागं सगळा कळप चालतो. "त्यानंच रस्ता कापला आसंल. चार वर्सं पोरावानी सांभाळला. पर मानसाचे पाय मोडनारं जनावर ठेवून काय करू?"

हे सांगून त्यानं अर्धा चहा तसाच खाली ठेवला. मीही ठेवला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आतून यो.चा आवाज. "लिंबाजीकाका, जरा आत या."

मी दारात उभा राहिलो. यो. म्हणाला, "काका, मेंढरं आडवी आली न्हाईत. मी पडलोच न्हाई."

"मंग पाय कशानं मोडले?"

"मोडून घेतले. डॉक्टरकडून. उंच व्हायला."

लिंबाजी त्याच्याकडं बघत राहिला. मग माझ्याकडं. मग चुलीपाशी पाठ फिरवून उभ्या असलेल्या सौ.कडं. फेट्यात बोट घालून डोकं खाजवलं.

"आन् माझा म्होरक्या?"

"त्याचा काही संबंध न्हाई काका. माफ करा."

"महिना झाला मला झोप न्हाई," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "सोमवारी दावं धरून बाजारात हुबा राह्यलो असतो मी." मग उठला, बाहेर आला, खुंटीचं कोकरू सोडून खांद्यावर टाकलं. "हे नेतो. आन् जवारी राहू द्या काढलेली, सांजच्याला येतो न्यायला."

फाटकापाशी गेल्यावर वळून म्हणाला, "कोनी इचारलं तर इथून पुढं म्हैस म्हना. माझ्या मेंढरायचं नाव घेऊ नका."

संध्याकाळी खरंच आला. पोतं नेलं. दुधाचा तांब्या मात्र ठेवून गेला, नेहमीच्या जागी.

१७ डिसेंबर, बुधवार
सौ.नं आजपासून म्हैस सुरू केली. गयाबाई म्हणाली, "आधी तर मेंढरं म्हन्ल्या होत्या." सौ. म्हणाली, "मेंढरायच्या मागं म्हैस होती." गयाबाईची बोलती बंद. तिला सगळं कळलेलं असावं असा मला संशय आहे.

यो. हलका झालाय. जेवतो नीट. खरं कोणाला तरी सांगितल्यावर असं होतं बहुतेक. काल म्हणाला, काका एवढं कमी का रागावले? मी म्हणालो, त्याचा मेंढा वाचला, त्या आनंदात तू सुटलास.

२२ डिसेंबर, सोमवार
एक्स-रे काढून आलो. डॉक्टर व्हिडिओवर बोलले. दोन इंच होत आले. हाड चांगलं धरतंय. टाचेचं मात्र बरं नाही. ती वर ओढली गेलीय, यो. उभा राहिला तर चवड्यावरच राहतो.

डॉक्टर सरळ बोलले, ते मला आवडलं. इथं थांबलात तर व्यायामानं टाच खाली येण्याची आशा चांगली आहे. पुढं गेलात तर अर्धा इंच मिळेल, पण टाचेची शीर सैल करायला पुन्हा कापावं लागेल असं दिसतंय. त्यानं टाच टेकेल, पण पायातला जोर पहिल्यासारखा राहील याची खात्री नाही. पळणं, उडी, उकिडवं बसणं, यातलं काही कमी होऊ शकतं. सध्या पाना बंद ठेवा, व्यायाम वाढवा, आणि दोन जानेवारीपर्यंत ठरवून कळवा. त्याहून उशीर केला तर हाड जुळायला लागेल आणि मग नट फिरणार नाही.

यो.नं लगेच विचारलं, "म्हणजे अर्धा इंच बाकी राहील?" बाकी सगळं त्याला ऐकूच गेलं नाही.

म्हणजे पाच फूट साडेचार इंच. यादीतल्या आकड्याला अर्धा इंच कमी.

२५ डिसेंबर, गुरुवार
भांडण झालं. लिहायचं नव्हतं, लिहितो.

मी म्हणालो, पुरे आता. रानात कामाला उकिडवं बसावं लागतं, पंगतीला मांडी घालावी लागते, उद्या तुझं पोर पळालं तर मागं पळावं लागेल. तो म्हणाला, "रानात मी काम करतो का? पुण्यात कोन उकिडवं बसतं? एवढं सगळं सोसलं ते अर्ध्या इंचावर सोडू?" मी म्हणालो, ज्या घरी अर्धा इंच मोजतात तिथली पोरगी करायची कशाला? तो म्हणाला, "तुमाला काय आण्णा. तुमाला हसता येतं."

सौ. ताटं वाढून बसली होती, ताटं तशीच.

त्याचं ते वाक्य दिवसभर डोक्यात. हसता येतं म्हणे. येतं, खरं आहे. कोणी बुटका म्हटलं की पहिला मी हसतो, म्हणजे दुसऱ्याच्या हसण्याला धार राहत नाही. पण लहानपणी हा माझ्या बोटाला धरून चालायचा तेव्हा ते सगळं बघत होता, हे माझ्या ध्यानात आलं नाही. मला वाटायचं, मी त्याला हसायला शिकवतोय.

२९ डिसेंबर, सोमवार
व्यायाम जोरात. टाच थोडी खाली आल्यासारखी वाटते, की आपल्याला वाटावं म्हणून वाटते? मालिशवाला बघतो आणि हं म्हणतो. त्या हं चा अर्थ लागत नाही.

सौ.ला विचारलं, तुझं काय म्हणणं. म्हणाली, "मला पाय पाहिजे. उंची त्याला पाहिजे. तुमाला काय पाहिजे ते तुमी ठरवा." सोपं करून सांगितलं आणि भाकरी थापायला गेली.

मला काय पाहिजे? मीही पायच म्हणतो. पण खरं तेवढंच आहे का? तो माझ्यापासून फार लांब जाऊ नये, थोडा तरी माझ्यासारखा दिसावा, असंही आत कुठंतरी आहे. हे मी कोणाला सांगणार नाही. इथं लिहिलंय.

३१ डिसेंबर, बुधवार
यो. आपण होऊन बोलला. मी पायाला तेल लावत होतो, रिंगांच्या मधून बोटं घालून.

"आण्णा, तुमाला वाईट वाटलं का? मी हे केलं त्याचं?"

म्हणालो, नाही. मग म्हणालो, हो, थोडं.

तो म्हणाला, "त्या बाईनं मला बापावर गेलंय म्हन्लं तवा मला माझं न्हाई वाटलं. तुमी हसले ना, त्याचं वाटलं. मला वाटलं, आता याच्यापुढं कोनी आपल्याला तसं बघून हसू नये. दोघायला."

आणि मी वेडा, इतके दिवस मनात धरून बसलो की पोराला बापाची लाज वाटते.

तेल लावून झालं तरी हात काढला नाही मी. त्यानंही काढा म्हटलं नाही. मग म्हणाला, "माझ्याच्यानं ठरत न्हाई. तुमी सांगा. तुमी फिरवा म्हनाल तर फिरवू, थांब म्हनाल तर थांबू. पण माझ्या पायाचं बघून सांगा, लोकायचं न्हाई आन् तुमचं बी न्हाई." उद्या नाही, परवा डॉक्टरांना कळवायचंय. मी बघू म्हणालो.

पोरगं शहाणं झालंय. माझंही ओळखलं त्यानं.

२ जानेवारी, शुक्रवार
थांब म्हणायचं असं पक्कं ठरवून सकाळी त्याच्या खोलीत गेलो. तो मालिशवाल्याबरोबर आधीच उठून वॉकर धरून उभा होता. आंघोळ झालेली, केस विंचरलेले. खिडकीतून ऊन येत होतं.

मी जवळ जाऊन उभा राहिलो आणि त्याच्या तोंडाकडं बघायला मान वर करावी लागली. पूर्वी एवढी करावी लागत नव्हती. बरं दिसत होतं पोरगं. फार बरं दिसत होतं. तोही माझ्याकडं बघून हसला, गेल्या उन्हाळ्यापासून असा हसला नव्हता. मनात आलं, अर्धा इंच तर आहे, होऊ दे की. मग खाली बघितलं. दोन्ही टाचा अधांतरी, खाली बोट जाईल एवढी फट, आणि पोटऱ्या थरथरत होत्या.

वर बघितलं की एक वाटायचं, खाली बघितलं की दुसरं. तो वाट बघत होता. मी तोंड उघडलं आणि विचारलं, चहा घेतोस का. घेतो म्हणाला.

डॉक्टरांचा फोन अकराला येणार आहे. यो.नं मोबाईल माझ्याच हातात देऊन ठेवलाय, म्हणाला आण्णा, तुमीच बोला. सौ. चहा गाळतेय. अजून थोडा वेळ आहे.